हायड्रॉलिक क्लचमधील बिघाड कसा ओळखावा?

कुडाळ, मालवण, सावंतवाडी भागातल्या गॅरेजमध्ये येणाऱ्या बहुतेक मोटरसायकलींचा क्लच केबलवर चालतो. केबल सैल झाली तर ॲडजस्टर फिरवायचा, तुटली तर नवी टाकायची, हे काम कोणताही मेकॅनिक थोड्या वेळात करून देतो. मुंबई-गोवा महामार्गावरून येणाऱ्या काही मोठ्या गाड्यांचे मात्र तसे नसते. सुझुकी हायाबुसाची दुसरी पिढी, कावासाकी निंजा झेडएक्स-14आर, होंडा गोल्ड विंग आणि डुकाटीची अनेक मॉडेल यांत केबलऐवजी ऑइलच्या दाबावर चालणारा हायड्रॉलिक क्लच असतो.

या क्लचमधला बिघाड ओळखता आला नाही, तर दोन प्रकारे नुकसान होते. एक तर साधा वॉशर किंवा सील खराब असताना महागड्या क्लच प्लेट बदलल्या जातात. किंवा ऑइल कमी होत असताना नुसती भर घालून गाडी चालवली जाते आणि आंबोलीसारख्या घाटात क्लच सुटेनासा होतो.

हायड्रॉलिक क्लच चालतो कसा?

हँडलवरच्या लिव्हरजवळ ऑइलची छोटी डबी आणि मास्टर सिलिंडर असतो. इंजिनजवळ, बऱ्याच गाड्यांत पुढच्या स्प्रॉकेटच्या बाजूला, स्लेव्ह सिलिंडर असतो. दोन्हींना एक नळी जोडते. लिव्हर दाबला की मास्टरचा पिस्टन ऑइल ढकलतो, ते स्लेव्हच्या पिस्टनला ढकलते आणि क्लच प्लेट एकमेकींपासून सुटतात.

मास्टरचा पिस्टन 14 मिलिमीटर आणि स्लेव्हचा 28 मिलिमीटर व्यासाचा आहे असे धरू. क्षेत्रफळ चौपट असल्यामुळे जोरही चौपट मिळतो, पण हालचाल चौथाईच होते. मास्टर 12 मिलिमीटर सरकला, तर स्लेव्ह फक्त 3 मिलिमीटर सरकतो. म्हणूनच नळीत थोडी हवा शिरली तरी क्लच बिघडतो. हवा दाबली जाते, ऑइल जवळपास दाबले जात नाही. मास्टरचे 4 मिलिमीटर हवा दाबण्यात गेले, तर स्लेव्हला 3 ऐवजी 2 मिलिमीटरच मिळतात आणि प्लेट पूर्ण सुटत नाहीत.

आधी कोणती तक्रार आहे ते ठरवावे

क्लचच्या तक्रारी मुख्यतः दोन प्रकारच्या असतात.

- क्लच सुटत नाही: लिव्हर पूर्ण दाबूनही गाडी पुढे ओढते, गिअर कडक पडतो, न्यूट्रल लागत नाही. अशा वेळी संशय प्रथम ऑइल, हवा आणि सील यांच्यावर घ्यावा.
- क्लच घसरतो: इंजिनचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही. हे बहुतेक वेळा झिजलेल्या प्लेट, कमजोर स्प्रिंग किंवा चुकीचे इंजिन ऑइल यामुळे होते. ओल्या क्लचच्या गाडीत जासो एमए किंवा एमए2 दर्जाचे ऑइल लागते. कारसाठीच्या काही ऑइलमधील घर्षण कमी करणाऱ्या घटकांमुळे क्लच घसरू शकतो.

इंजिन थंड असताना गाडीने किंचित ओढणे ओल्या क्लचमध्ये नेहमीचे आहे. त्यामुळे इंजिन गरम झाल्यावरच तपासणी करावी.

डबीतली पातळी काय सांगते?

हँडल सरळ ठेवून डबीच्या काचेतून किंवा झाकण उघडून पातळी पाहावी. इथे अनेकांची गफलत होते, कारण क्लचचे गणित ब्रेकच्या उलट असते. ब्रेक पॅड झिजले की डबीतले ऑइल खाली जाते. क्लच प्लेट झिजल्या की स्लेव्हचा पिस्टन मागे सरकतो आणि ऑइल डबीत परत येते, म्हणजे पातळी वर जाते.

त्यामुळे क्लचच्या डबीत ऑइल कमी झाले असेल, तर ते कुठेतरी गळतेच आहे. नुसती भर घालून गळती थांबत नाही. उलट, पातळी वर गेली असेल तर प्लेटची झीज तपासावी. डबी काठोकाठ भरणेही चुकीचे, कारण ऑइलला परत यायला जागा उरली नाही तर क्लच घसरू शकतो.

लिव्हरवरून बिघाड कसा कळतो?

- लिव्हर स्पंजासारखा मऊ लागतो आणि चार-पाच वेळा भराभर दाबल्यावर सुधारतो: ऑइलमध्ये हवा आहे.
- लिव्हर दाबून धरला की हळूहळू हँडलकडे सरकतो, बाहेर गळती मात्र दिसत नाही: मास्टर सिलिंडरच्या आतले सील निकामी झाले असण्याची शक्यता मोठी आहे.
- लिव्हर सोडल्यावर सावकाश परत येतो किंवा अडकतो: पिस्टनवर गंज किंवा मळ आहे, अथवा लिव्हरचा पिव्होट कोरडा पडला आहे.
- लिव्हर घट्ट आणि नेहमीसारखा आहे, तरी क्लच सुटत नाही: दोष बहुधा इंजिनच्या आत आहे. प्लेट वाकल्या असतील किंवा क्लच बास्केटवर खाचा पडल्या असतील.

खात्रीसाठी गाडी सपाट जागी आणून इंजिन बंद ठेवावे, पहिला गिअर टाकावा, लिव्हर दाबून धरावा आणि गाडी पुढे ढकलावी. गाडी सुरुवातीला सहज सरकली, पण अर्ध्या मिनिटात जड होत गेली, तर दाब टिकत नाही असे समजावे.

गळती कुठे शोधावी?

लिव्हरजवळच्या रबरी टोपीखाली, नळीच्या दोन्ही टोकांच्या वॉशरपाशी आणि स्लेव्ह सिलिंडरच्या भोवती पाहावे. स्लेव्हची गळती चेनचे वंगण आणि चिखल यांत लपून जाते. त्यामुळे ती जागा आधी पुसून, लिव्हर वीस-पंचवीस वेळा दाबून पुन्हा पाहावी.

किनारपट्टीवर खाऱ्या, दमट हवेमुळे ॲल्युमिनियमच्या सिलिंडरमध्ये गंजाचे खड्डे पडू शकतात. अशा वेळी नवे सील टाकूनही गळती परत सुरू होते आणि सिलिंडरच बदलावा लागतो.

घसरणाऱ्या क्लचची एक वेगळी चाचणी

मास्टरमध्ये ऑइल परत जाण्यासाठी एक बारीक छिद्र असते. ते मळाने बुजले किंवा बाहेरून बसवलेल्या लिव्हरमुळे झाकलेले राहिले, तर गरम होऊन फुगलेले ऑइल नळीतच अडकते आणि क्लच अर्धवट दाबलेला राहतो. क्लच घसरत असताना लिव्हर मोकळा ठेवून स्लेव्हचा ब्लीड निपल किंचित उघडावा. ऑइल जोराने बाहेर आले आणि घसरणे थांबले, तर दोष परतीच्या छिद्रात आहे. प्लेट बदलण्याआधी ही चाचणी जरूर करावी.

ऑइल कोणते आणि कधी बदलावे?

डबीच्या झाकणावर प्रकार लिहिलेला असतो. डॉट 4 हे नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. मानकानुसार नव्या डॉट 4 चा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असतो, ओलावा शोषल्यानंतरची किमान मर्यादा 155 अंश आहे. कोकणच्या दमट हवेत म्हणूनच दर दोन वर्षांनी ऑइल बदलणे टाळू नये. ऑइल काळपट किंवा गढूळ दिसले तर त्याआधीही बदलावे.

काही युरोपीय गाड्यांच्या क्लचमध्ये मिनरल ऑइल असते. त्यात ब्रेक ऑइल किंवा ब्रेक ऑइलच्या डबीत मिनरल ऑइल घातले, तर सील फुगून निकामी होतात. एअर काढताना डबी रिकामी होऊ देऊ नये. ब्रेक ऑइल टाकीवर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे, नाहीतर रंग उडतो. हवा काढूनही काही दिवसांत लिव्हर पुन्हा मऊ झाला, तर ती कुठल्यातरी सीलमधून किंवा जोडातून आत येत आहे.

घाटात क्लच गेला तर?

लिव्हर भराभर दाबून पाहावा. हवेमुळे दाब गेला असेल, तर थांबण्यापुरता क्लच बऱ्याचदा मिळतो. तेवढ्यात रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागा गाठून गाडी न्यूट्रलमध्ये आणावी. न्यूट्रल लागत नसेल, तर ब्रेक लावत किल स्विचने इंजिन बंद करावे. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नये, कारण मग इंजिनचा अटकाव मिळत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. डबीत इंजिन ऑइल किंवा खोबरेल तेल घालून वेळ मारून नेण्याचा मोह टाळावा. त्याने सगळी रबरे खराब होतात. पावसात, वळणावळणाच्या रस्त्यावर क्लचविना गाडी चालवण्यापेक्षा टेम्पोत घालून खाली आणणे केव्हाही स्वस्त पडते.