पोस्टाचं पुस्तक आणि रोह्याचे चिंतामणराव

परवा रेवदंड्याला आत्याकडे गेले होते. कपाट आवरताना तिचं पोस्टाचं जुनं पासबुक सापडलं आणि त्याखालीच एका पतपेढीची ठेवपावती. पासबुकातले पैसे केव्हाच व्याजासकट मिळाले. पावतीवरचे बुडाले. वाडीतल्या नारळ-सुपारीचे, वर्षावर्षाला बाजूला टाकलेले पैसे होते ते. घरच्यांना ठाऊकच आहे, जास्त लिहीत नाही.

मी पैशांच्या बाबतीत अगदी ढ. पहिला पगार झाला तेव्हा आत्या म्हणाली, "आधी पोस्टात टाक, मग साडी घे." टाकले. का, ते विचारलं नाही. पण आता ते दोन कागद शेजारी ठेवल्यावर प्रश्न पडला. दोन्हींवर सही-शिक्का आहे, मग एक तरला आणि एक बुडाला असं का?

म्हणून थोडं वाचलं. पोस्टाची बचत बँक १८८२ची. तिथल्या पैशाला थेट सरकार जबाबदार. मुंबईतल्या चाकरमान्याची मनीऑर्डर पोस्टातूनच यायची, त्यामुळे पोस्टावर कोकणाचा विश्वास आधीपासूनच.

पुढची गोष्ट आपल्याच कुंडलिकेच्या काठावरची! महाडजवळच्या नात्यात १८९६ साली जन्मलेले आणि रोह्याचे म्हणून ओळखले जाणारे चिंतामणराव देशमुख १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्यांच्याच काळात, १९४९ साली, रिझर्व्ह बँक सरकारी मालकीची झाली आणि बँकांवर देखरेखीचा कायदा आला. विम्याचंही तसंच. तेव्हा काही खाजगी कंपन्यांत विमेदारांच्या पैशांचा गैरवापर होत होता. जानेवारी १९५६ मध्ये अर्थमंत्री असताना त्यांनी आयुर्विमा सरकारच्या ताब्यात घेतला. देशी-परदेशी कंपन्या आणि सोसायट्या मिळून २४५ संस्था एकत्र करून १ सप्टेंबरला एलआयसी सुरू झाली. तोवर मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देऊन चिंतामणराव बाहेरही पडले होते.

तरी बँकेतल्या ठेवीचं काय? केरळातली पलाई सेंट्रल बँक १९६० साली बुडाली, लोकांचे हाल झाले, तेव्हा कुठे १९६२ पासून ठेवींना विमा मिळाला. सुरुवातीला माणशी एका बँकेत फक्त १५०० रुपये. पुढे सहकारी बँकाही त्यात आल्या. फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा ५ लाख आहे.

आणि पतपेढी? ती बँक नव्हे. सहकार कायद्याखाली नोंदलेली पतसंस्था. रिझर्व्ह बँकेचा परवाना तिला नसतो आणि हा विमा तिच्या ठेवींना लागू होत नाही. माझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं.

आत्याला हे सगळं सांगितलं. ती गप्प ऐकत होती. मग म्हणाली, "अगं, पतपेढीचा मुलगा रोज दारात यायचा. ओळखीतला. पोस्टात रांग लावावी लागायची. आणि व्याजही दोन टक्के जास्त." तिचं चुकलं असं मला तरी म्हणवत नाही. ओळखीचा माणूस बघूनच पैसे ठेवायची आपल्याकडची पद्धत. कायदा काय म्हणतो, हे तिला सांगायला कुणी आलंच नव्हतं.

असो. मंडळी, घरातल्या थोरांच्या पावत्या एकदा काढून बघा. वर बँक लिहिलंय की पतसंस्था, तेवढं तरी वाचा. मी माझ्या वाचल्या. आत्याने मात्र ती बुडालेली पावती परत डब्यात ठेवली. फेकवत नाही म्हणाली.