वास्तूंची यादी आणि नगराची स्मृती



‘वारसा’ हा शब्द मराठीत अरबी-फारसीच्या वाटेने आला. ‘वारस’ म्हणजे हक्काने मिळकत घेणारा, आणि त्याला मिळते तो वारसा. मूळ अर्थ असा निखळ खाजगी आहे. गेल्या काही दशकांत हाच शब्द ‘वारसा वास्तू’ या रूपाने सरकारी कागदावर अवतरला आणि एका घराण्याची हवेली साऱ्या नगराचा वारसा ठरू लागली. हे ठरवितो कोण, कोणत्या अधिकाराने, आणि तो निर्णय टिकतो किती, याचा विचार हैदराबादच्या उदाहरणाने करण्याचे मी योजिले आहे.

स्मारकांच्या रक्षणाची कल्पना या नगराला नवी नाही. १९१४ साली निजाम सरकारने पुरातत्त्व खाते स्थापन केले आणि गुलाम याझदानी त्याचे पहिले संचालक झाले. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात असल्यामुळे अजिंठ्याची लेणी याच खात्याकडे होती; तेथील चित्रांच्या जतनासाठी इटालियन तज्ज्ञ आणले गेले. स्वातंत्र्यानंतर १९५८ चा केंद्रीय कायदा आला. किमान शंभर वर्षे जुन्या आणि राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तूंना त्याने संरक्षण दिले. चारमिनार व गोवळकोंडा ही अशी स्मारके होत. परंतु ज्या इमारतींत अद्याप न्यायालय भरते, शाळा चालते, बिऱ्हाडे नांदतात, त्यांच्यापर्यंत हा कायदा सहसा पोहोचत नाही. आणि नगराचे रूप तर मुख्यतः त्यांनीच घडविलेले असते.

ही उणीव नगररचनेच्या नियमांतून भरून काढण्याचा प्रयत्न प्रथम मुंबईत झाला. एप्रिल १९९५ मध्ये तेथील वारसा विनियम अमलात आले. त्याच वर्षाच्या अखेरीस हैदराबादच्या क्षेत्रविभाग विनियमांत ‘विनियम १३’ या नावाने ओळखली जाणारी तरतूद आली. तिची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. प्रथम यादी तयार होते. ती प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागविल्या जातात. त्यांचा विचार झाल्यावर शासन ती अधिसूचित करते. त्यानंतर यादीतील वास्तू पाडणे वा तिच्यात फेरफार करणे पूर्वपरवानगीवाचून शक्य होत नाही, आणि परवानगीपूर्वी जाणकारांच्या समितीचा सल्ला घेतला जातो. मुंबईने वास्तूंच्या तीन श्रेणी केल्या. पहिल्या श्रेणीला जवळजवळ हात लावायचा नाही, दुसरीत सांभाळून बदल करायचे, तिसरीत अधिक मोकळीक. मालकी मात्र मालकाचीच राहते.

१९९८ च्या अधिसूचनेने हैदराबादच्या १३७ वास्तू यादीत आल्या. १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर नगराची जी नवी उभारणी झाली, तिच्यातील उस्मानिया रुग्णालय व उच्च न्यायालय यांसारख्या इमारतींना या मार्गाने प्रतिष्ठा लाभली. विशेष असे की, येथील नियमांनी माणसाने न घडविलेल्या वस्तूंनाही स्थान दिले. बंजारा हिल्स, जुबिली हिल्स आणि दुर्गम चेरुवूच्या बाजूचे काही शिलासमूह ‘वारसा परिसर’ म्हणून नोंदविले गेले.

‘परिसर’ ही कल्पना मला अधिक मोलाची वाटते. आपल्या सुलतानबाजाराचाच विचार करा. पूर्वी त्याला रेसिडेन्सी बाजार म्हणत. १९३३ पर्यंत तो ब्रिटिश अधिकारक्षेत्रात होता व निजामाच्या फर्मानांचा अंमल तेथे थेट चालत नसे. केशवराव कोरटकरांच्या पिढीतील सार्वजनिक जीवन या भागाच्या आश्रयाने वाढले, आणि १९०७ साली स्थापन झालेली विवेक वर्धिनी याच परिसराच्या निकट रुजली. आता कर्कपॅट्रिकने बांधविलेली रेसिडेन्सीची भव्य वास्तू कोणीही यादीत घालील. पण तिच्या छायेतील गल्ल्या, दुकाने, सभांची मैदाने, शाळांच्या खोल्या यांतील एकही वस्तू स्वतंत्रपणे ‘असामान्य’ ठरणार नाही. त्यांचा अर्थ एकत्र असण्यात आहे, आणि म्हणून त्यांची नोंद परिसर म्हणूनच व्हावयास हवी.

मालकाची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. मराठीत ‘देवडी’ म्हणजे वाड्याच्या दरवाजाजवळची पहारेकऱ्यांची जागा. हैदराबादेत मात्र उमरावांच्या सबंध प्रासादाला देवडी म्हणतात. अशा देवडीचे आज अनेक वारस असतात. छप्पर गळते, दुरुस्तीला पैसा नाही, आणि शेजारच्या भूखंडावर मात्र बहुमजली इमारत उभी राहते. ज्याचा लाभ साऱ्या नगराला, त्याचा भार एकाच घराने का सोसावा? मुंबईत बांधकामाचा अडलेला हक्क अन्यत्र वापरण्याची मुभा देऊन या प्रश्नाला काही उत्तर शोधले गेले. करसवलत व दुरुस्तीसाठी साहाय्य यांवाचून यादी ही मालकाला शिक्षाच वाटते.

यादी किती नाजूक असते, हे पुढील घटनांनी दाखविले. डिसेंबर २०१५ मध्ये एका शासकीय आदेशाने विनियम १३ रद्द झाला. २०१७ साली तेलंगणाने नवा वारसा कायदा केला. परंतु जुन्या यादीच्या स्थितीविषयी संदिग्धता निर्माण झाली. जून २०१९ मध्ये एर्रम मंझिल पाडून तेथे नवे विधानभवन उभारण्याचे ठरले आणि पायाभरणीही झाली. नवाब फख्र-उल-मुल्क यांच्या या प्रासादाच्या नावात फारसी ‘इरम’ म्हणजे नंदनवन आणि तेलुगू ‘एर्र’ म्हणजे तांबडा, असे दोन्ही ध्वनी ऐकू येतात. नागरिक न्यायालयात गेले. १६ सप्टेंबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने मंत्रिमंडळाचा निर्णय रद्द केला. प्रासाद वाचला.

यातून माझा निष्कर्ष एवढाच की, अधिसूचना ही संरक्षणाची पहिली पायरी आहे. जे एका आदेशाने मिळते ते एका आदेशाने जाऊ शकते. त्यानंतर न्यायालयात उभे राहावयास पुरावा लागतो: वास्तू कोणी बांधली, केव्हा बांधली, तेथे काय घडले. हा पुरावा मोठ्या प्रासादांचा सापडतो, कारण त्यांची दप्तरे असतात. आपल्या शाळा, ग्रंथालये, मंगलकार्यालये, जुने वाडे यांची दप्तरे कोण ठेवतो? इमारतनिधीच्या वर्गणीच्या वह्या, नकाशे, पायाभरणीची निमंत्रणपत्रे, जुनी छायाचित्रे ही अनेकदा रद्दीच्या भावाने जातात. ज्यांच्या स्मृत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्या पिढीने वर्गणी गोळा करून या भिंती उभ्या केल्या. या शाळेने आपल्या विद्यार्थ्यांकरवी अशा कागदांची पद्धतशीर नोंद सुरू करावी, अशी माझी विनंती आहे. उद्या कोणी यादी करावयास आला, तर त्याच्या हाती देण्याजोगे काही आपल्यापाशी असले पाहिजे.