सॉलफर्डच्या गल्ल्या आणि रुपेरी पडदा

इंग्लंडमधील कामगारांची वस्ती पडद्यावर आहे तशी दिसावी, ही आज साधी वाटणारी गोष्ट त्या देशात सहजासहजी घडलेली नाही. तिच्यामागे नकाराचा इतिहास आहे. तो सांगताना आम्ही मँचेस्टरला लागून असलेले सॉलफर्ड हे एकच शहर मुख्यतः डोळ्यांसमोर ठेवीत आहोत.

वॉल्टर ग्रीनवुड यांचा जन्म १९०३ साली याच शहरातील हँकी पार्कमध्ये झाला. नावात पार्क असले तरी ती दाट, दरिद्री वस्ती होती. त्यांची ‘लव्ह ऑन द डोल’ ही कादंबरी १९३३ साली प्रसिद्ध झाली. ‘डोल’ म्हणजे बेकारभत्ता. १९३१ पासून, विम्याची मुदत संपलेल्या बेकाराला भत्ता देण्यापूर्वी घरातील सर्वांचे उत्पन्न तपासले जाई. मुलगी चार पैसे मिळवू लागली की भावाचा भत्ता कापला जाई. कादंबरीतील सॅली हार्डकॅसलचा प्रियकर मोर्चातील पोलिसांशी झालेल्या झटापटीनंतर मरण पावतो. अखेरीस ती एका धनिक बुकीच्या आश्रयाला जाते आणि त्याच्या वशिल्याने तिचे वडील व भाऊ नोकरीस लागतात.

कादंबरी गाजली, १९३४ साली तिचे नाटकही रंगभूमीवर आले. परंतु १९३६ साली चित्रपटाचा प्रस्ताव येताच सेन्सॉर मंडळाने तो नाकारला. हे मंडळ चित्रपटव्यवसायानेच १९१२ साली स्थापिले होते, हे विशेष! कथा हीन दर्जाची आणि जमाव व पोलीस यांचा संघर्ष पडद्यावर नको, असा त्यांचा सूर होता. सुखवस्तू माणसाने ही कथा वाचावी, नाट्यगृहात पाहावी. मात्र ज्यांची ही कथा, ते चार पेन्स देऊन ज्या चित्रपटगृहात बसत, तेथे तिला मज्जाव!

१९४१ साली तोच चित्रपट निघाला. दिग्दर्शक जॉन बॅक्स्टर, आणि सॅलीच्या भूमिकेत तरुण डेबोरा कर. मधल्या काळात कथा बदलली नव्हती. महायुद्ध सुरू झाले होते आणि कालच्या बेकारांचे हात कारखान्यांना व सैन्याला हवे होते. बेकारांचा पुन्हा विसर पडू नये, अशा आशयाचा नौदलमंत्री अलेक्झांडर यांचा संदेशही शेवटी झळकला. आम्हांला हा संदेश उशिराचा वाटतो, पण खोटा वाटत नाही.

युद्धानंतर, १९४७ साली, रॉबर्ट हॅमर यांनी ‘इट ऑल्वेज रेन्स ऑन संडे’मध्ये पूर्व लंडनच्या बेथनल ग्रीनमधील एक रविवार रंगविला. खरे वळण मात्र पुन्हा सॉलफर्डनेच दिले. शीला डिलेनी या तेथील अवघ्या एकोणीस वर्षांच्या मुलीचे ‘अ टेस्ट ऑफ हनी’ हे नाटक १९५८ साली लंडनमध्ये रंगभूमीवर आले आणि १९६१ साली टोनी रिचर्डसन यांनी त्याचा चित्रपट केला. त्यांनी कॅमेरा स्टुडिओबाहेर काढला. कालव्याचे काळे पाणी, ओल्या विटा, रस्त्यात गाणी म्हणत खेळणारी मुले, सारे खरे. आईने वाऱ्यावर सोडलेल्या जोला एका कृष्णवर्णीय खलाशापासून दिवस जातात. तिला सांभाळतो जेफ्री, समलिंगी तरुण. पुरुषांमधील असे संबंध इंग्लंडमध्ये १९६७ पर्यंत गुन्हा होते. येथे कोणी कोणाला उपदेश करीत नाही. उपदेशाची सवय जडलेल्या आमच्यासारख्यांना ते प्रथम खटकते. पण जेफ्री घर आवरतो, रांधतो, येणाऱ्या बाळाची तयारी करतो. आणि आई परत येऊन त्याला नकोसा ठरविते, तेव्हा मुकाट्याने निघून जातो. रिटा टशिंगहॅम व मरे मेल्विन या दोघांनाही १९६२ साली कान महोत्सवात अभिनयाची पारितोषिके मिळाली.

केन रसेल यांनी १९६० साली बीबीसीसाठी डिलेनी यांच्यावर एक छोटा माहितीपट केला. त्यात त्या सॉलफर्डमध्ये हिंडताना दिसतात. जुन्या वस्त्या पाडल्या जात आहेत आणि माणसे दूर हलविली जात आहेत, याविषयी बोलतात. त्याच दशकात हँकी पार्कही पाडण्यात आले. तेथे उंच इमारती आणि बाजारसंकुल उभे राहिले. १९४१ च्या चित्रपटातील गल्ल्या बव्हंशी स्टुडिओत उभारलेल्या होत्या. ग्रीनवुड १९७४ साली वारले, तेव्हा त्यांची खरी गल्ली कोठेच उरली नव्हती.