काशीचे दान आणि ख्रिस्ती कारभारीपण

काशी आणि दान यांचे नाते ख्रिस्ती मिशनच्या आगमनाहून कितीतरी जुने आहे. १७८० च्या सुमारास अहिल्याबाई होळकरांनी विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले. घाट, धर्मशाळा आणि अन्नछत्रे यांच्या रूपाने मराठी राज्यकर्त्यांचा पैसा या नगरीत पिढ्यान्‌पिढ्या येत राहिला. येथे स्थायिक झालेल्या दक्षिणी पंडितांची विद्या बऱ्याच अंशी या दानाच्या आश्रयाने वाढली. तेव्हा द्यावे कसे, हे या नगरीला बाहेरच्या कोणी शिकवावे अशी स्थिती मुळीच नव्हती.

किंबहुना काशीतील ख्रिस्ती मिशनच्या इतिहासातील पहिले मोठे दान एका हिंदूचे आहे. जयनारायण घोषाल हे बंगालमधील धनिक आणि विद्याव्यासंगी गृहस्थ दुर्धर आजाराने ग्रासून काशीत राहावयास आले. वैद्यांचे उपाय थकल्यावर व्हीटली नावाच्या एका इंग्रज व्यापाऱ्याच्या साध्या औषधोपचाराने त्यांना गुण आला. या उपकाराची फेड कशी करावी, असे त्यांनी विचारले असता व्हीटलीने शाळा काढण्याचे सुचविले. डॅनियल कॉरी या पाद्र्याच्या साहाय्याने १८१८ मध्ये ती शाळा उभी राहिली. जयनारायणांनी तिच्यासाठी आपली वास्तू चर्च मिशनरी सोसायटीच्या स्वाधीन केली आणि दरमहा २०० रुपयांची तरतूद करून दिली. स्वतः ते अखेरपर्यंत हिंदूच राहिले. १८२१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाची ही शिक्षणसंस्था वाराणसीत अद्याप आहे. कृतज्ञतेतून दिलेले, परक्या धर्माच्या हाती विश्वासाने सोपविलेले आणि फळाची अट न घातलेले हे दान आहे. पुढील काळात मंडळ्यांना दातृत्वाचा उपदेश करणाऱ्यांनी या उदाहरणाकडे फारसे पाहिलेले दिसत नाही.

ख्रिस्ती मंडळीच्या वाट्याला मात्र निराळी परिस्थिती आली. १८३७-३८ च्या दुष्काळात पोरकी झालेली मुले सिगरा येथील मिशनच्या आश्रयास आली. लॉयपोल्ट या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली ती वाढली, हातव्यवसाय शिकली आणि पुढे मंडळीचा भाग झाली. त्या मुलांचा जीव वाचला, हे पुण्यकर्म निःसंशय. पण ज्या हाताने अन्न दिले, काम दिले, वेतन दिले, त्याच हाताने रविवारी दानाची थाळी पुढे करावयाची, यातील विसंगती कोणाच्याही ध्यानात येण्याजोगी होती. वेतनाचाच एक अंश मूळ दात्याकडे परत जातो, त्याला अर्पण म्हणावे तरी कसे? लंडनमध्ये बसलेल्या हेन्री व्हेन यांनी हे अचूक ओळखले होते. सोसायटीचे चिटणीस या नात्याने, देशी मंडळीने स्वतःचा खर्च स्वतः चालवावा, स्वतःचे शासन करावे आणि स्वतः वाढावे, हे त्रिविध तत्त्व त्यांनी मांडले. तत्त्व उत्तम होते; पण परदेशी निधीचा ओघ चालू असेतो ते पुष्कळसे कागदावरच राहिले.

याच नगरीत एका मराठी पंडिताने या प्रश्नाला आपल्या आयुष्याने उत्तर दिले. नीळकंठशास्त्री गोरे (१८२५-१८९५) हे चित्पावन घराण्यातले. घराण्याचा संबंध बांद्याच्या नवाबाच्या दरबाराशी, म्हणजे बाजीरावपुत्र समशेरबहादुराच्या वंशाशी होता. विल्यम स्मिथ या मिशनऱ्याशी वाद घालावयास गेलेल्या या पंडिताने १८४८ मध्ये जौनपूर येथे बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या गोरे झाले. बाटणारा पोटासाठी बाटतो, या सर्रास केल्या जाणाऱ्या आरोपाला येथे जागाच नव्हती. गोऱ्यांनी मिळविले त्याहून गमावले अधिक. ‘षड्दर्शनदर्पण’कर्ते म्हणून वाङ्मयेतिहासात त्यांची नोंद होते, परंतु त्यांच्या अपरिग्रहाचा विचार क्वचितच होतो. १८७० मध्ये ते पुरोहित झाले. पुढे कौली फादर्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संन्यस्त संघात त्यांनी उमेदवार म्हणून प्रवेश घेतला आणि काशीच्या वैराग्यपरंपरेला साजेसे निष्कांचन जीवन ते जगले. पुण्याच्या पंचहौद मिशनने ही वृत्ती जवळून पाहिली.

येथे एका शब्दाकडे वळणे भाग आहे. मराठी बायबलात धन्याची मालमत्ता सांभाळणाऱ्या सेवकासाठी ‘कारभारी’ हा शब्द आला, आणि तो पेशवाईची सारी स्मृती घेऊन आला. दान करणारा उदक सोडून ‘न मम’ म्हणतो. म्हणजे त्या क्षणापर्यंत वस्तू त्याची होती. कारभाऱ्याची ती कधीच नव्हती. त्याच्याकडून त्यागापेक्षा हिशेबाची अपेक्षा असते, आणि हा हिशेब थाळीत टाकलेल्या नाण्यापुरता नसून घरी उरलेल्या पैशाचाही असतो. मराठी मंडळ्यांतील उपदेश बहुधा दशमांशापाशी येऊन थांबतो. शब्दाची व्याप्ती त्याहून मोठी आहे.

ती व्याप्ती रेव्हरंड टिळकांच्या संसारात दिसते. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून नारायण वामन टिळक साताऱ्यास आले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. वेतनाच्या बंधनातून ख्रिस्ती मनुष्य सुटावा, ही गोऱ्यांच्या जीवनात मूक राहिलेली आकांक्षा येथे बोलकी झाली. १९१९ मध्ये त्यांच्या निधनाने तो प्रयोग खुंटला. तथापि ‘स्मृतिचित्रे’ वाचताना जाणवते की टिळकांची उधळी, बेहिशेबी उदारता हे कारभारीपणाचे अर्धेच अंग होय. हाती येईल ते देऊन टाकणाऱ्या नवऱ्यामागे, उद्याचे धान्य कोठून यावयाचे याची विवंचना लक्ष्मीबाईंनी वाहिली. दारी आलेल्याला विन्मुख न पाठविता त्यांनी तो संसार निभावून नेला. ग्रामीण मराठीत बायको नवऱ्याला ‘कारभारी’ म्हणते. टिळकांच्या घरी ते पद लक्ष्मीबाईंकडे होते.