आयसीयूची कुळकथा

१९५२च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा तिथल्या ब्लेगडॅम हॉस्पिटलकडे श्वास देणारी यंत्रं होती सात. एक पिंपासारखं ‘आयर्न लंग’ आणि सहा छातीवर कवचासारखी बसवायची. साथ ऐन भरात आली तेव्हा दिवसाला पन्नासपर्यंत रुग्ण येत होते. पहिल्या तीन आठवड्यांत यंत्रावर ठेवलेल्या ३१ जणांपैकी २७ दगावले.

यंत्रं कमी होती हे खरंच, पण चूक निदानातही होती. मरणाऱ्यांच्या रक्तात बायकार्बोनेट वाढलेलं दिसे. रक्त अल्कधर्मी झालंय आणि विषाणूनं मेंदू ग्रासलाय, असा त्याचा अर्थ लावला जाई. मग करण्यासारखं काही उरतच नसे. विभागप्रमुख लासेन यांनी ऑगस्टच्या अखेरीस बियॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला बोलावलं. इब्सेन बोस्टनला शिकून आले होते आणि भूल दिलेल्या माणसाला हातानं श्वास देणं हे त्यांचं रोजचं काम होतं. त्यांनी सांगितलं, ही माणसं गुदमरून मरताहेत. कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही, तो रक्तात साचतो, आणि बायकार्बोनेट वाढतं ते त्यामुळेच. पुढे प्रयोगशाळेचे पाउल आस्ट्रप यांनी रक्ताचा पीएच थेट मोजला. रक्त आम्लधर्मी निघालं.

पण आधी हे रुग्णावर दाखवायचं होतं. बारा वर्षांची एक मुलगी निवडली. हातपाय लुळे, अंगात ताप, घशात साचलेल्या स्रावांनी जीव घुसमटलेला. गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी घातली, तर ती इतकी झगडू लागली की हवा आत जाईना. जमलेल्या डॉक्टरांपैकी काहींनी आशा सोडून काढता पाय घेतला. इब्सेननी पेंटोथाल हे भुलीचं औषध देऊन तिची धडपड थांबवली, रबरी पिशवी दाबून फुप्फुसात हवा भरायला सुरुवात केली, आणि तिची तब्येत सावरली. नंतर तिला कवचाच्या यंत्रावर ठेवलं तर कार्बन डायऑक्साइड पुन्हा चढला. पिशवीवर आणताच उतरला. ती मुलगी वाचली. वैद्यकाच्या इतिहासात इतका उघड पुरावा फार थोड्या वेळा मिळाला असेल.

आता प्रश्न होता पिशवी दाबणार कोण? सुमारे १५०० वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून बसले. एका वेळी सत्तरपर्यंत रुग्णांचा श्वास असा माणसांच्या हातांवर चालू होता. एकूण सुमारे १,६५,००० तास त्यांनी पिशव्या दाबल्या. मृत्यूचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या जवळून चाळिसाच्याही खाली आलं. मला यात सर्वांत मोलाची वाटते ती व्यवस्था: गंभीर रुग्ण एका ठिकाणी, उशाशी चोवीस तास माणूस, आणि रक्ताची तपासणी पुन्हापुन्हा. डिसेंबर १९५३मध्ये इब्सेननी कोपनहेगनच्याच कम्यूनहॉस्पिटलमध्ये अशा देखरेखीचा कायमचा विभाग उघडला. आजच्या आयसीयूचं मूळ बहुतेक जण तिथेच मानतात. दाबानं हवा आत ढकलणारे व्हेंटिलेटर सर्रास झाले ते त्यानंतर.

रुग्णाच्या उशाशी शिकत उपचार बदलणं कोविडमध्येही पुन्हा घडलं. सुरुवातीला अनेक ठिकाणी घाईनं नळी घातली जाई. मग जास्त प्रवाहाचा ऑक्सिजन देऊन थांबून पाहण्याकडे कल वाढला. डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त औषध. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीनं जून २०२०मध्ये दाखवलं की व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू त्यानं सुमारे एक-तृतीयांश कमी होतात. आणि पालथं झोपवणं! फुप्फुसं गंभीर बिघडलेल्या रुग्णांना त्याचा फायदा होतो हे २०१३च्या एका फ्रेंच चाचणीनं सिद्ध केलं होतं, पण आपल्याकडे ‘पालथे झोपा’ हे शब्द घराघरांत पोचले ते या साथीत. नळी घातलेल्या रुग्णाला पालथं करायला चार-पाच जण लागतात. एकानं डोकं आणि नळी सांभाळायची, बाकीच्यांनी एकाच हुकुमावर अंग वळवायचं, आणि किमान सोळा तासांनी पुन्हा तेवढ्याच जणांनी त्याला उताणं करायचं.