पाव स्वराचं अंतर: ब्रिटनचे ब्रास बँड आणि चढी पट्टी

आपल्याकडे गायक पट्टी सांगतो, तानपुरा तिच्यात मिळवला जातो, तबलजी हातोडी काढतो आणि मैफल सुरू होते. पितळी वाद्यांचं इतकं सोपं नाही. तिथे स्वर नळीच्या लांबीत कायमचा बसलेला असतो. आज आपण ब्रिटनमधल्या बँडवाल्यांना त्यामुळे काय भोगावं लागलं ते बघू.

एकोणिसाव्या शतकात तिथल्या ऑर्केस्ट्रांची पट्टी चढत चढत ‘ए’ स्वरासाठी सेकंदाला सुमारे 452 कंपनांपर्यंत गेली. फ्रान्सने 1859 मध्येच सरकारी पातळीवर 435 ठरवून टाकलं होतं. लंडनला जाग आली ती 1895 मध्ये. क्वीन्स हॉलच्या प्रॉमनेड मैफलींना जॉर्ज कॅथकार्ट या घशाच्या डॉक्टरांनी पैसे दिले, पण अट घातली: पट्टी उतरवा. गायकांच्या गळ्यांचे हाल ते जाणून होते ना! वादक नवी वाद्यं घेईनात, तेव्हा तोही खर्च त्यांनीच उचलला.

खाणकामगारांच्या आणि गिरणी कामगारांच्या बँडना असा कॅथकार्ट भेटला नाही. वर्गणी काढून घेतलेला पंचवीसेक वाद्यांचा संच टाकायचा कसा? ते 452.5 वरच राहिले.

आता कोणी म्हणेल, स्लाइड थोडी बाहेर ओढली की झालं! हिशेब करू. 440 वर यायला नळी जवळजवळ तीन टक्के लांब हवी. कॉर्नेटची नळी साधारण 1.35 मीटर, म्हणजे वाढ चार सेंटिमीटरांची. स्लाइडला दोन पाय, म्हणून ती दोनच सेंटिमीटर ओढायची. इथवर ठीक. पण प्रत्येक व्हॉल्व्हची जादा नळीही त्याच प्रमाणात वाढायला हवी. नाहीतर मोकळे स्वर जुळतात आणि व्हॉल्व्ह दाबला की स्वर चढा लागतो. तिन्ही एकदम दाबले तर विचारूच नका. मोठ्या ट्यूबाची नळी पाच मीटरांहून लांब. तिथे वाढ पंधरा सेंटिमीटरांच्या घरात. ट्रॉम्बोनवाला तेवढा सुटला.

परिणाम असा, की ही माणसं उत्तम वाजवत असूनही उतरलेल्या पट्टीच्या ऑर्केस्ट्रात किंवा ऑर्गनबरोबर आपली वाद्यं घेऊन बसू शकत नव्हती. 1939 मध्ये लंडनच्या परिषदेत 440 ठरलं, तरी बँड हलले नाहीत. 1960च्या दशकाच्या मध्यात बूझी अँड हॉक्स कंपनीने चढ्या पट्टीची वाद्यं बनवणं थांबवलं, तेव्हा इलाजच उरला नाही. कोणी नवे संच घेतले, कोणी जुन्याच नळ्यांना तुकडे जोडून घेतले. आणि बँडचा तो लखलखीत आवाज गेला, असं जुने वादक पुढे कितीतरी वर्षं म्हणत राहिले.