‘बरोबर कोण आहे?’

बचत गटाच्या कामासाठी आम्ही बायका बँकेत किंवा एखाद्या कचेरीत जातो, तेव्हा एक प्रश्न हमखास येतो, “बरोबर कोण आहे?” समोर पाच जणी उभ्या असतात, तरी विचारणाऱ्याची नजर आमच्या मागे कुणा पुरुषाला शोधत असते. साठ वर्षांपूर्वी अशीच नजर सौदी अरेबियाच्या वाळवंटात एका बाईच्या वाट्याला आली होती. ती बाई स्वतः विमान चालवत तिथं उतरली होती. आज तिचीच गोष्ट.

तिचं नाव जेराल्डिन मॉक. सगळे तिला जेरी म्हणत. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं कोलंबस हे तिचं राहण्याचं शहर. सात वर्षांची असताना ती पहिल्यांदा विमानात बसली आणि मोठेपणी विमान चालवायचं हे तिच्या मनानं घेतलं. त्यासाठी ती विमानांची इंजिनिअरिंग शिकू लागली, पण १९४५ मध्ये लग्न झालं आणि शिक्षण सुटलं. पुढे तीन मुलं, स्वयंपाक, घर. विमान चालवण्याचा परवाना मिळाला तो १९५८ मध्ये.

एकदा ती नवऱ्याला म्हणाली, घरात बसून कंटाळा आला. तो चेष्टेत म्हणाला, मग विमान घेऊन जगाला चक्कर मारून ये. जेरीनं ती चेष्टा खरी धरली. १९३७ मध्ये अमेलिया इअरहार्ट ही प्रसिद्ध वैमानिक अशाच सफरीत विमानासह बेपत्ता झाली होती. तिच्या नंतरही एकट्या बाईनं विमानातून पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली नव्हती.

विमान होतं सेसना १८० जातीचं, एका इंजिनाचं, अकरा वर्षं वापरलेलं. चारांपैकी तीन आसनं काढून तिथं पेट्रोलच्या जादा टाक्या बसवल्या. देशोदेशींचे नकाशे आणि परवानग्या गोळा केल्या. १९ मार्च १९६४ रोजी अडतीस वर्षांची जेरी निघाली, तेव्हा धाकटी मुलगी तीन-साडेतीन वर्षांची होती. जोन मेरियम स्मिथ नावाची दुसरी वैमानिक दोनच दिवस आधी याच विक्रमासाठी निघाली होती. त्यामुळे नवरा फोनवरून सारखी घाई करायचा. जेरीला मात्र वाटेतली गावं बघायची होती.

अटलांटिक महासागर ओलांडून ती उत्तर आफ्रिकेत पोहोचली. पुढे लिबियाचं वाळवंट. आजच्यासारखी उपग्रहावरून वाट दाखवणारी यंत्रं तेव्हा नव्हती. होकायंत्र, घड्याळ, नकाशा आणि रेडिओ यांवरच भिस्त. खाली नदी, रस्ता, गाव अशी खूण असली तर नकाशाशी ताळा जमतो. नुसत्या वाळूत कसला ताळा जमणार? धुळीनं क्षितिज पुसलं, तर डोळ्यांपेक्षा समोरच्या काट्यांवर विश्वास ठेवावा लागतो.

अशा ठिकाणी तिला जळकट वास आला. रेडिओची लांब तार विमानामागे सोडायला आणि गुंडाळायला एक छोटी मोटर होती. ती बंद न पडता तापत राहिली होती आणि शेजारीच पेट्रोलची टाकी! तिनं मोटर बंद केली, वास जाण्याची वाट पाहिली आणि पुढे निघाली. चुकाही तिच्या हातून झाल्या. अंधारात कैरोचा विमानतळ समजून ती इंशास इथल्या लष्करी तळावर उतरली. हत्यारबंद सैनिकांनी तिला घेरलं. चौकशी झाली, काही तासांनी सोडलं आणि मग ती कैरोला गेली. तिथं पिरॅमिडही बघून आली.

कैरोहून धहरान सरळ रेषेत सुमारे १,९०० किलोमीटर, बहुतेक सगळं वाळवंट. ती धहरानला उतरली, तेव्हा जमलेली माणसं गोंधळली. शेवटी एकानं विमानात डोकावून पाहिलं आणि आत पुरुष नाही, असं ओरडून सांगितलं. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या देशात बायकांना मोटार चालवण्याची मोकळीक मिळाली ती थेट २०१८ मध्ये.

तिथून कराची, दिल्ली, कलकत्ता आणि पुढे पॅसिफिक महासागर असं करत १७ एप्रिलला ती कोलंबसला परतली. सुमारे ३७ हजार किलोमीटर आणि २९ दिवस. असं करणारी ती जगातली पहिली बाई. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी पदक देऊन तिचा गौरव केला.

तरी वर्तमानपत्रांनी तिला ‘उडणारी गृहिणी’ केलं. पुढे पैशाअभावी तिचं विमान चालवणं सुटलं. २०१४ मध्ये ती गेली. तिचं विमान आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

मैत्रिणींनो, तिचं विमान काही आमच्या वाट्याला येणार नाही. पण तिची तयारी आम्हाला ओळखीची वाटते. कागद आधी जमवायचे, हिशेब स्वतः समजून घ्यायचा, चुकलं तर घाबरून परत फिरायचं नाही. आमच्यातल्या किती तरी जणी पहिल्यांदा एकट्या तालुक्याला गेल्या, तेव्हा पोटात गोळा आलाच होता. आता त्याच नव्या जणींना सोबत नेतात. उद्या पुन्हा कुणी विचारलं, बरोबर कोण आहे, तर आम्ही शेजारच्या मैत्रिणीकडे बोट दाखवू आणि फाइल पुढे सरकवू.